शासकीय कार्यालय आणि शस्त्र : कायदा, शिस्त आणि जबाबदारी

तहसील कार्यालय, पंचायत समिती, जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामपंचायतीची कचेरी ही सर्व ठिकाणे शासन आणि नागरिक यांच्या भेटीची ठिकाणे होत. फेरफाराच्या नोंदीवर हरकत घेणारा खातेदार, शिष्यवृत्तीची चौकशी करणारा पालक, पाणीपट्टीबद्दल तक्रार मांडणारा ग्रामस्थ अशी नाना प्रकारची माणसे तेथे येतात. काही समाधानाने परततात, काही संतापाने. मतभेद आणि वादविवाद हा या कार्यालयांच्या दैनंदिन कामाचाच भाग आहे. अशा ठिकाणी कोणाच्या कमरेला पिस्तूल असावे काय, असल्यास कोणाच्या आणि कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न वरकरणी क्वचित उद्भवणारा वाटला तरी त्याचे उत्तर प्रत्येक कार्यालयप्रमुखास ठाऊक असणे आवश्यक आहे.

या प्रश्नाला अलीकडील घटनांची पार्श्वभूमी आहे. दिनांक २४ सप्टेंबर २०२१ रोजी दिल्लीतील रोहिणी न्यायालयात वकिलांच्या वेषात आलेल्या हल्लेखोरांनी न्यायदालनातच गोळीबार केला. दिनांक २ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्याच राज्यात, उल्हासनगर येथील एका पोलीस ठाण्यात, वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या दालनात गोळ्या झाडल्या गेल्या. दुसऱ्या बाजूने पाहिले तर अवैध वाळू वाहतूक रोखण्यास गेलेल्या महसूल कर्मचाऱ्यांवर हल्ले झाल्याची वृत्तेही आपण वाचतो. त्यामुळे संरक्षणासाठी शस्त्र परवाना मिळावा, अशी भावना काही कर्मचाऱ्यांच्या मनात निर्माण होणे अस्वाभाविक नाही. परंतु परवाना मिळणे ही एक गोष्ट आणि ते शस्त्र कार्यालयात बाळगणे ही दुसरी. या दोहोंतील अंतर स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कायद्याची वाटचाल

ब्रिटिश अमदानीत लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्र कायदा झाला. त्यातील सवलती युरोपियनांना आणि बंधने एतद्देशीयांना, असा उघड भेदभाव होता. म्हणूनच हा कायदा राष्ट्रीय चळवळीच्या टीकेचा विषय ठरला. महात्मा गांधींनी १९३० साली सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने मिळावेत, ही एक मागणी होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने संमत केलेल्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश होता.

स्वतंत्र भारताच्या संविधानात मात्र असा हक्क समाविष्ट करण्यात आला नाही. उलट, अनुच्छेद १९ अन्वये नागरिकांना एकत्र जमण्याचा जो हक्क दिला आहे, तो शांततेने आणि शस्त्राविना जमण्याचा आहे. लोकांनी एकत्र यावे, बोलावे, भांडावे, पण हाती शस्त्र नसावे, हे तत्त्व त्यात सामावलेले आहे. ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत आपले सर्व सार्वजनिक व्यवहार याच तत्त्वावर उभे आहेत.

पुढे संसदेने शस्त्र अधिनियम, १९५९ संमत केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला.  १९६२ च्या नियमांची जागा आता शस्त्र नियम, २०१६ यांनी घेतली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली आणि विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्याबद्दलची शिक्षा वाढवून किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास व दंड अशी केली. लग्नसमारंभात वा मिरवणुकीत हर्षाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करणे हाही आता स्वतंत्र अपराध असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

परवाना म्हणजे सर्वत्र मुभा नव्हे

जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात पोलीस आयुक्त हे सर्वसाधारणपणे परवाना प्राधिकारी असतात. पोलिसांचा अहवाल मागवून ते अर्जावर निर्णय घेतात. परवाना हाती आला की शस्त्र कोठेही नेता येते, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. परवाना विशिष्ट कारणासाठी दिला जातो. आत्मसंरक्षण, क्रीडा किंवा पीकसंरक्षण यांपैकी ज्या कारणासाठी तो दिला असेल, त्याच कारणासाठी आणि सद्भावनेने ते शस्त्र बाळगावयाचे असते.

परवान्याच्या नमुन्यात छापलेल्या शर्ती बहुतेक परवानाधारक वाचतही नाहीत. त्यांतील एक शर्त आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी विशेष परवानगी दिली नसेल तर परवानाधारकास आपले शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, अन्य सार्वजनिक जमावात किंवा कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या आवारात नेता येत नाही.

या एका शर्तीचे दोन परिणाम लक्षात घ्यावेत. पहिला असा की, शाळेचे आवार हे शस्त्राला पूर्णतः वर्ज्य आहे. मग ते शस्त्र पालकाचे असो, शाळा समितीच्या सदस्याचे असो किंवा खुद्द शिक्षकाचे असो. परवाना खिशात आहे, हा त्यावरील बचाव होऊ शकत नाही. दुसरा परिणाम पंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवावयाचा आहे. ग्रामसभा हा गावकऱ्यांचा सार्वजनिक मेळावाच होय. तेथे परवान्याचे शस्त्र घेऊन बसणे हे या शर्तीशी विसंगत आहे. अनेक गावांत ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरते. तेथे तर ही मनाई दुहेरी ठरते.

सार्वजनिक ठिकाणी शस्त्र कसे न्यावे, याबाबत २०१६ च्या नियमांत तरतूद आहे. पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर म्यानात किंवा त्यासारख्या आवरणात असले पाहिजे आणि शस्त्र सदैव धारकाच्या ताब्यात असले पाहिजे. ते उगारून दाखविण्यास व झाडण्यास मनाई आहे. शर्तींचा वा नियमांचा भंग केल्यास कलम ३० अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याखेरीज कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, तो वेगळाच.

शासकीय शस्त्र आणि खाजगी शस्त्र

शासकीय सेवकांच्या बाबतीत एक मूलभूत भेद प्रथम समजून घेतला पाहिजे. अधिनियमाच्या कलम ४५ नुसार, लोकसेवकाने आपले कर्तव्य बजावताना, त्या कर्तव्याचा भाग म्हणून शस्त्र बाळगल्यास त्यास परवान्याची आवश्यकता नसते. पोलीस शिपायाची रायफल, वनरक्षकास खात्याकडून मिळालेली बंदूक, कोषागारावरील पहारेकऱ्याचे शस्त्र ही याची उदाहरणे होत. राष्ट्रीय छात्रसेनेच्या विद्यार्थ्यांनाही प्रशिक्षणापुरती हीच सूट आहे. ही शस्त्रे शासनाची असतात. त्यांची नोंदवहीत नोंद असते, काडतुसांचा हिशेब ठेवला जातो आणि ती वापरण्याचे प्रशिक्षण दिलेले असते. कर्तव्य संपले की शस्त्र पुन्हा शस्त्रागारात जमा होते.

खाजगी परवान्यावर घेतलेले शस्त्र मात्र खाजगीच राहते. ते विकत घेणारी व्यक्ती अधिकारी आहे, म्हणून त्या शस्त्राला शासकीय दर्जा प्राप्त होत नाही. गटविकास अधिकाऱ्यांनी किंवा नायब तहसीलदारांनी स्वसंरक्षणासाठी परवाना घेतला, तरी त्यांचे पिस्तूल हे एका नागरिकाचे पिस्तूल असते आणि त्यास परवान्याच्या सर्व शर्ती लागू होतात. कलम ४५ ची सूट तेथे लावता येत नाही.

आता प्रश्न उरतो तो असा की, शाळा नसलेल्या आणि सार्वजनिक सभा भरलेली नसलेल्या साध्या कार्यालयात अशा कर्मचाऱ्याने स्वतःचे परवान्याचे शस्त्र आणावे काय? शस्त्र अधिनियमात प्रत्येक शासकीय कार्यालयाचा नामनिर्देश करून मनाई केलेली नाही. परंतु येथे नियोक्ता या नात्याने शासनाची भूमिका सुरू होते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार प्रत्येक शासकीय कर्मचाऱ्याने सचोटी व कर्तव्यपरायणता राखावयाची असते आणि शासकीय कर्मचाऱ्यास अशोभनीय ठरेल असे काहीही करावयाचे नसते. कार्यालयाची शिस्त आणि आवाराची सुव्यवस्था राखणे ही कार्यालयप्रमुखाची जबाबदारी आहे. खाजगी शस्त्र कार्यालयात आणू नये, असा लेखी आदेश त्यांनी काढल्यास तो पाळणे हा सेवाशिस्तीचा भाग ठरतो. परवाना हा आदेश मोडण्याचा अधिकार देत नाही. कारण परवाना शस्त्र बाळगण्याची मुभा देतो, कामाच्या ठिकाणी ते आणण्याचा हक्क नव्हे.

मेजावरील शस्त्राचा अर्थ

काही अधिकारी असे म्हणतील की, धोका आम्हाला आहे, मग शस्त्र घरी ठेवून उपयोग काय? हा युक्तिवाद झटकून टाकण्याजोगा नाही. कर्मचाऱ्याच्या जिवाची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये मान्य केलेला आहे आणि लोकसेवकास कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी त्याच्यावर हल्ला करणे हा कलम १३२ खालील अपराध आहे. तथापि कार्यालयातील खाजगी शस्त्र हा या धोक्यावरील योग्य उपाय आहे काय, याचा शांतपणे विचार केला पाहिजे.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या मेजावर किंवा कमरेला पिस्तूल दिसले, तर समोरच्या सामान्य माणसाची वाचा बसते. हरकत मागे घेतली जाते, ती पटली म्हणून नव्हे, तर भीतीने. असा निर्णय कायद्याने योग्य असला तरी न्याय्य वाटत नाही. दुसरी अडचण सुरक्षिततेची आहे. कार्यालयात माणसांची सतत वर्दळ असते. कपाटाच्या किल्ल्या अनेकांच्या हाती असतात. अधिकारी बैठकीस किंवा स्थळपाहणीस जातात. अशा वेळी शस्त्र चोरीस गेले, तर त्याची खबर तात्काळ पोलिसांस देण्याचे बंधन परवानाधारकावर येते आणि चौकशीही त्याचीच होते. तिसरी गोष्ट अशी की, सहकाऱ्यांमधील किरकोळ बाचाबाची जवळ शस्त्र असल्यामुळे क्षणात गंभीर रूप धारण करू शकते.

यास्तव धोक्याच्या ठिकाणी जाताना पोलीस बंदोबस्त मागणे, पथकाने जाणे, आगाऊ सूचना देणे आणि कार्यालयाच्या प्रवेशद्वारावर प्रशिक्षित सुरक्षारक्षक नेमणे हे मार्ग अधिक श्रेयस्कर ठरतात. राज्यात यासाठी २०१० च्या अधिनियमान्वये महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ स्थापन झाले असून त्याचे रक्षक शासकीय आस्थापनांवर नेमता येतात. शस्त्र आवश्यकच असेल तर ते जबाबदार आणि प्रशिक्षित हाती, नोंदीसह असावे, हे यामागील सूत्र आहे.

मतदान केंद्र : एका दिवसाचे कार्यालय

शाळेचा वर्ग किंवा ग्रामपंचायतीची कचेरी मतदानाच्या दिवशी मतदान केंद्र बनते. त्या दिवसासाठी कायद्याने विशेष दक्षता घेतली आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये १९९६ साली घातलेल्या कलम १३४-ख अन्वये मतदानाच्या दिवशी केंद्राच्या परिसरात सशस्त्र जाण्यास मनाई आहे. निवडणूक निर्णय अधिकारी, केंद्राध्यक्ष, पोलीस अधिकारी आणि शांतता राखण्यासाठी नेमलेल्या व्यक्ती, त्याही तेथे कर्तव्यावर असतील तरच, एवढेच अपवाद आहेत. मतदान अधिकारी म्हणून नेमलेल्या इतर शिक्षकांचा वा कर्मचाऱ्यांचा, तसेच उमेदवारांचा आणि त्यांच्या प्रतिनिधींचा या अपवादांत समावेश नाही. भंग केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दोषी ठरल्यास शस्त्र सरकारजमा होण्यास पात्र ठरते आणि परवाना रद्द झाल्याचे मानले जाते.

निवडणूक काळात परवान्याची शस्त्रे जमा करून घेण्याची प्रथाही आपणास परिचित आहे. याबाबत गोव्यातील एका परवानाधारकाच्या याचिकेवर २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला निर्णय मार्गदर्शक ठरला. सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करून घेण्याऐवजी छाननी समितीने प्रत्येक प्रकरणाचा विचार करावा, अशी पद्धत त्यातून रूढ झाली. सुरक्षितता आणि नागरिकाचा न्याय्य हक्क यांचा मेळ कसा घालावा, याचे हे चांगले उदाहरण आहे.

विधानसभा व लोकसभेव्यतिरिक्त अन्य निवडणुका, सण आणि आंदोलने यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम, १९५१) कलम ३७ खाली किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश निघतात. कलम ३७ च्या आदेशाची व्याप्ती मोठी असते. शेतीची अवजारे आणि साधी काठी शस्त्र अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत येत नाहीत. परंतु मनाई आदेशात काठी व सोटेही येऊ शकतात. म्हणून आदेशाची प्रत कार्यालयाच्या सूचनाफलकावर लावणे उपयुक्त ठरते.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क मानला जातो. तरीही तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली, डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर या प्रकरणात, शाळा आणि शासकीय इमारतींसारख्या संवेदनशील जागी शस्त्रबंदी करणारे कायदे सकृद्दर्शनी वैध असल्याचे नमूद केले. संघराज्याच्या मालकीच्या किंवा भाड्याच्या ज्या इमारतीत त्याचे कर्मचारी नियमितपणे काम करतात, तेथे शस्त्र नेणे हा तेथे अपराध आहे. मात्र प्रवेशद्वारांवर ठळक सूचना लावलेली नसेल आणि संबंधितास प्रत्यक्ष माहितीही नसेल, तर त्यास त्याखाली दोषी ठरविता येत नाही. राज्याराज्यांत मात्र धोरण भिन्न आहे. टेक्सासने २०१५ साली असा कायदा केला की, जेथे परवानाधारकास शस्त्र आणण्याची कायद्याने मुभा आहे, अशा शासकीय जागेवर मनाईचा फलक लावणाऱ्या कार्यालयासच दंड व्हावा.

नियम असूनही दुर्घटना घडू शकते, हेही तेथे दिसले. दिनांक ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच शहराच्या नगरपालिका इमारतीत एका पालिका अभियंत्याने बारा जणांचे प्राण घेतले. त्यांतील अकरा पालिकेचे कर्मचारी होते. कर्मचाऱ्यांनी शस्त्र आणू नये, असा नियम तेथे आधीपासून होता. अर्थात कागदावरील नियमास प्रवेशद्वारावरील व्यवस्थेची आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारींकडे वेळीच लक्ष देण्याची जोड हवी, हा धडा यातून मिळतो. पुढील वर्षी, २०२० साली, व्हर्जिनिया राज्याने स्थानिक संस्थांना आपल्या इमारतींत शस्त्रबंदी करण्याचा अधिकार दिला.

कार्यालयप्रमुखांनी काय करावे?

वरील विवेचनाच्या आधारे काही व्यावहारिक सूचना पुढे दिल्या आहेत.

१. प्रवेशद्वारावर मराठीत, ठळक अक्षरांत फलक लावावा. शाळेच्या फलकावर परवान्याच्या शर्तीचा उल्लेख असावा. शीख बांधवांची कृपाण ही संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणाने धर्माचरणाचा भाग मानली आहे, याची जाणीव द्वाररक्षकास करून द्यावी. नांदेडसारख्या ठिकाणी तर हे विशेष आवश्यक आहे.

२. अभ्यागताचे शस्त्र कार्यालयाच्या कपाटात ठेवून घेऊ नये. ही चूक सद्हेतूने होण्याचा संभव असतो. दुसऱ्याचे शस्त्र विनापरवाना जवळ बाळगण्याची मुभा कलम ३ मध्ये फार मर्यादित आहे. दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा धारकाचा स्वतःचा वापर यांसाठी, त्याच्या समक्ष वा त्याच्या लेखी अधिकाराने ते नेता येते, एवढेच. म्हणून शस्त्र घेऊन आलेल्या व्यक्तीस ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा करून येण्यास सांगावे.

३. परवाना तपासण्याचा अधिकार पोलिसांस व त्यासाठी खास प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यांस आहे. लिपिकाने वा शिपायाने झटापट करू नये. शंका येताच पोलिसांस कळवावे. अपराध घडल्याचे ठाऊक असल्यास तो नजीकच्या पोलीस ठाण्यास कळविणे हे कलम ३६ अन्वये प्रत्येकाचे कर्तव्यच आहे.

४. नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र तपासणीसाठी आणण्यास सांगितले जाते. कोकणातील ठासणीच्या बंदुकीचा धारक शेतकरी अशा कामासाठी आला तर तो अपराधी नव्हे. अशा तपासणीसाठी वेगळी वेळ व जागा ठरवून द्यावी आणि शस्त्र रिकामे करून आणण्याची सूचना पत्रातच द्यावी.

५. ग्रामसभा, पंचायत समितीची सभा आणि तक्रार निवारण दिन यांच्या नोटिशीत शस्त्र न आणण्याविषयी एक ओळ घालावी. वाद चिघळण्याची चिन्हे असतील तर बंदोबस्ताची मागणी आधीच करावी.

६. परवाना घेतलेल्या कर्मचाऱ्यांची माहिती कार्यालयप्रमुखास असावी आणि शस्त्र कार्यालयात आणू नये, हा आदेश त्यांना लेखी द्यावा. ज्यास खरोखर धमकी आली असेल, त्याची तक्रार वरिष्ठांकडे व पोलिसांकडे त्याच दिवशी पोहोचेल, अशी व्यवस्था करावी.

यांतील शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. कर्मचाऱ्यास शस्त्र घरी ठेव, असे सांगणाऱ्या शासनाने त्याच्या रक्षणाची हमीही दिली पाहिजे. तसेच नागरिकास निःशस्त्र ये, असे सांगणाऱ्या कार्यालयाने त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ज्या कचेरीत अर्जाची पोच मिळते, सुनावणी वेळेवर होते आणि निर्णयाचे कारण समजावून सांगितले जाते, तेथे संतापाचे प्रसंग कमी येतात. कायद्याने शस्त्र दाराबाहेर ठेवता येते. दाराच्या आत विश्वास निर्माण करणे हे मात्र तेथे बसणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याचे, शिक्षकाचे आणि पंचायत सदस्याचे काम आहे.